आजाऱ्याचा भात

आश्विन निम्मा सरला की महाडच्या बाजारात नवी नाचणी येते. डोंगरातल्या बायका टोपल्या उतरवून रस्त्याच्या कडेला ओळीने बसतात. त्या तांबड्या बारीक दाण्यांचा, वाळल्या गवताचा आणि तापल्या धुळीचा मिळून एक वास होतो, तो माझ्या खिडकीपर्यंत येतो. मी मात्र बाजारापर्यंत जात नाही. जिना उतरला की तो पुन्हा चढावा लागतो, आणि हल्ली त्या विचारानेच मी खुर्चीत बसून घेतो.

मला झालेलं काही नाही. डॉक्टर तपासून गेले, म्हणाले, "वय झालं, गुरुजी, दुसरं काय." म्हणजे थकवा. सकाळी उठतो तो थकलेला, आणि रात्री झोपतो तोही थकलेलाच. मधल्या वेळात थकून बसतो. भेटायला येणारा प्रत्येक जण उपाय सांगतो. कुणी म्हणतं पहाटे फिरा, कुणी म्हणतं खजूर दुधात भिजवा, कुणी आवळा सुचवतं. थकलेल्या माणसाला सल्ले देण्याचा उत्साह लोकांच्या अंगात येतो कुठून, कोण जाणे. त्यातला पसाभर मला दिला असता तर मी जिना उतरून नाचणी घेऊन आलो असतो.

आमची सूनबाई गुणी आहे. रोज दुपारी माझ्यासाठी वेगळा मऊ भात शिजवते, वर तुपाची धार सोडते. काल मी म्हणालो, "बाजारात नवी नाचणी आलीय गं, एखादी भाकरी कर." तर म्हणाली, "नको बाबा, अशक्तपणात भाकरी जड पडेल. भातच बरा." तिच्या आवाजात माया होती. पण हेच वाक्य मी पूर्वी ऐकलेलं आहे. ते आमच्या वाडीत, आमच्या चुलीपाशी, माझ्या आईच्या तोंडून ऐकलं होतं. तेही अशाच मायेने.

आमची वाडी पोलादपूरच्या वर होती. चढून आलेला माणूस आधी पाणी मागायचा आणि मग रामराम करायचा, अशा उंचीवर. दिवस साहेबाच्या राज्यातले. वाडीतले निम्मे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते, त्यांत माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा. बोट बाणकोटला लागायची, तिथून पडाव खाडीतून महाडच्या बंदरात यायचे, आणि मुंबईची माणसं, मुंबईच्या वस्तू, मुंबईचे शब्द त्यातून उतरून पायी आमच्या डोंगरात चढायचे. वडील लवकर गेले होते. घरात आई, दादाची बायको भागीरथी वहिनी आणि मी. मी पोलादपूरच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. सकाळी खाली उतरायचं, संध्याकाळी वर चढायचं, आणि या चढउतारात आपण थकतो हे तेव्हा माझ्या ध्यानातही येत नसे.

वहिनीचं माहेर उमरठच्या बाजूला, आमच्याहूनही आतल्या डोंगरात. लग्न होऊन आली तेव्हा डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन ती झऱ्याची चढण गाणं म्हणत चढायची. आई शेजारणींना सांगायची, "माझी सून न्हवं, वारं हाय वारं." त्या वर्षी आषाढात ती बाळंत झाली. मूल बारशाआधीच गेलं. दुःख घरातल्या सगळ्यांनी केलं आणि मग लावणीच्या चिखलात पाय घातले, कारण लावणी थांबत नाही. वहिनीनेही घातले. पण बांधावर आली तेव्हा ती जी बसली, ती पूर्वीची वहिनी म्हणून पुन्हा उठलीच नाही.

ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखत नाही. नुसती दमायची. भांडं उचललं की दमायची, वेणी घालताना हात वर धरून दमायची. आमच्या वाडीत तापाला मान होता. थंडी वाजून ताप आला की माणसाला घोंगडी मिळायची. हगवणीलाही मान होता. थकव्याला मात्र कधीच नव्हता. "दमलीस? बस घटकाभर, नि ऊठ," एवढाच त्याचा उपचार. वहिनी घटकाभर बसायची आणि उठायची, आणि बसण्याआधी होती तेवढीच दमलेली असायची. यापुढे काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

अंगात जीव आणण्याचे तिचे तिचे उपाय होते. पहाटे डोळा उघडल्यावर थोडी ताकद असते हे तिला कळलं होतं. म्हणून उभ्याने करायची कामं ती तेव्हाच उरकायची आणि बसून करायची कामं दिवसाला ठेवायची. झऱ्याच्या वाटेवर वळणाला एक ऐनाचं झाड होतं. त्याच्या आड खालून वा वरून कुणाला दिसत नसे, तिथे हंडा उतरवून ती टेकायची. उठायची वेळ झाली की आपल्या पायांशी बोलायची. पायांना तिने नावं ठेवली होती, ढवळ्या आणि पवळ्या. एकदा शाळेतून येताना मी ते ऐकलं. ती म्हणत होती, "चल रं ढवळ्या, पवळ्या बघ कवाचा उभा हाय." मला पाहून लाजली, मग हसून म्हणाली, "भावजी, बैल लय माजलेत. चाबूक नाय माझ्याकडं."

मी हंडा उचलायला गेलो तर तिने हात आडवा धरला. मास्तराच्या डोक्यावर हंडा वाडीने पाहिला असता तर हसण्याचा विषय झाला असता, आणि तो विषय शेवटी तिच्याच अंगावर आला असता. तरी पुढचं वळण येईपर्यंत मी तो धरला. वळणावर तिने घेतला.

आई दुष्ट नव्हती. सासूविषयी लिहायचं म्हटलं की लोक तशी सासू शोधतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. आईने त्या सुनेसाठी जे केलं ते माझ्यासाठीही कधी केलं नव्हतं. दृष्ट काढली. देवीला नारळ बोलली. लोहाराच्या भट्टीवर जाऊन बसली. लाल झालेला फाळ पाण्यात बुडवला की चर्र आवाज होऊन वाफ उठायची, आणि ते लोखंड विझवलेलं पाणी तांब्यात भरून ती पदराखाली झाकून आणायची. "पी गो भागे. लोखंडाचं बळ हाय त्याच्यात." वहिनी तोंड वाकडं करून प्यायची. दोन-चार दिवस तिला जरा बरं वाटलं, किंवा बरं वाटलं असं ती म्हणाली. आईच्या तोंडाकडे बघून तिला दुसरं काही म्हणवलं नसणार.

पण आईचा खरा उपाय भात होता.

आमच्या घरचं रोजचं अन्न नाचणी. ओढ्याकाठच्या खाचरात थोडं भात पिकायचं, तांबड्या दाण्याचं. ते घरी कांडून ठेवायचं आणि सणाला काढायचं. भात देवाचा, पाहुण्याचा आणि आजाऱ्याचा. भाकरी राबणाऱ्याची. एखाद्याला घरात रोज भात वाढू लागले की वाडीला समजायचं, हे माणूस घराला हवं आहे. वहिनीला बरं नाही असा निरोप मुंबईला गेला, तशी दादाने रंगुनी तांदळाची गोण पाठवली. गिरणीत चकचकीत केलेला तो पांढराशुभ्र तांदूळ आईने मुठीत घेतला, बोटांतून सांडला आणि म्हणाली, "ह्याला कोंडाच नाय रे! देवाच्या घरचाच म्हनायचा." त्या दिवसापासून वहिनीची भाकरी बंद झाली. "नाचणी थंड. बाळंतिणीच्या अंगाला जड. तू आपला भात खा." कुळीथ उष्ण म्हणून बंद. पावसात डोंगरभर उगवणारा हिरवा पाला वातूळ म्हणून बंद. राहिली मिठाची कणी घातलेली पेज आणि भात.

तो तांदूळ आई कसा धुवायची ते मला अजून दिसतं. एक पाणी, दुसरं पाणी, पुन्हा पाणी. हाताने चोळून चोळून, धुवण काचेसारखं नितळ होईपर्यंत. आजारी माणसाच्या अन्नात मळ राहू नये म्हणून. धुवणाचं ते दुधाळ पाणी म्हशीला जायचं. म्हैस त्या सुगीत चांगली तुकतुकीत झाली.

महाडला नेऊन एका वैद्यांनाही दाखवलं. अर्धी वाट चालत, अर्धी एका भल्या माणसाच्या गाडीतून. त्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली, पुड्या दिल्या आणि सांगितलं, "हलकं अन्न द्या. विश्रांती द्या." आईने वाटेत मला दोनदा विचारलं, हलकं म्हणजे भातच ना रे? मी शिकलेला. मी म्हणालो, भातच. त्याहून हलकं आमच्याकडे दुसरं काय होतं?

भाद्रपद संपता संपता वहिनीच्या अंगावर मांस दिसू लागलं. गाल भरले, पावलं भरली, पायांतली जोडवी रुतून बसली. आईचा आनंद मावेना. ओटीवरून जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती थांबवून दाखवायची, "भात लागला गो माझ्या भागीच्या अंगाला!" आणि वाढीत एक मूठ तांदूळ वाढला. एके संध्याकाळी वहिनी पाय लांब करून बसली होती. तिने नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. ती त्याच्याकडे बघत होती आणि मीही बघत होतो. "भावजी, ढवळ्या चिखलात रुतला," ती म्हणाली. आईला काही सांगू नका, असंही म्हणाली. आई आतून गुणगुणत पेज घेऊन येत होती, म्हणून मी गप्प बसलो.

आमच्याकडे नाचणीची सुगी सावडीवर चाले. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझं कापायचं, उद्या माझं. त्यात मजुरी नसते, फक्त हात असतात. ज्या घरातून बाई दुसऱ्याच्या कापणीला उभी राहते, त्याच घराच्या कापणीला इतर उभ्या राहतात. आईचे गुडघे गेलेले, माझी शाळा. घराचे हात म्हणजे वहिनीचे हात. डोंगरउताराचं शेत वेळेत कापलं नाही तर कणसं गळतात, आणि उरलेली डुकरं लोळवतात. आश्विनाच्या तोंडाला भावकीतले विठूतात्या ओटीवर येऊन बसले. चांगला माणूस. पान जुळवत आईला म्हणाले, "वैनी, औंदा सावडीनं तुमचं कापून देऊ. पर फुडं? दिवाळीला तुझा थोरला येल. तवर ती उभी राहिली तर देव पावला. नायतर घराला दुसरं माणूस बघाया लागंल. मी वाईट म्हनून नाय बोलत."

वहिनी आत जात्यापाशी होती आणि जातं थांबलं होतं, म्हणजे तिने ऐकलं होतं. आमच्या वाडीत असं बोलणं ओरडून होत नसे, आणि एकदा झालं की फिरतही नसे. दिवाळीपर्यंत उभं राहायचं, नाहीतर हे घर सुटायचं. तिच्या थकव्याला आता मुदत लागली होती.

दुसऱ्या दिवशी तिने भिंतीतला विळा काढला, दगडावर घासला आणि ती कापणीला गेली. रविवार होता, म्हणून मीही भारे वाहायला गेलो. ऊन असं की उताराचा दगडसुद्धा तापून वास सोडत होता. बायका उताराला आडव्या ओळीत उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या समोरचा पट्टा तिची पात. सगळ्यांनी बरोबर वाकायचं आणि बरोबर पुढे सरकायचं. गाणं सुरू झालं. वहिनीही म्हणत होती. थोड्या वेळाने तिचा आवाज बंद झाला, पण हात चालू होते. मग ती मागे पडू लागली. ओळ पुढे गेली आणि तिच्या पातीवर उभ्या नाचणीची एक जीभ मागे राहिली, सगळ्या शेताला दिसेल अशी. त्यावर कुणी टोमणा मारला नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी नुसते विळे जरा आत वळवले. एकीने डावीकडून घेतली, दुसरीने उजवीकडून, आणि बघता बघता वहिनीची पात त्यांच्यात विरघळली. ती कमरेत वाकलेलीच राहिली. तिच्यासमोर कापायला काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी म्हणाली, "माझी पात कोनी कापली ते मी बघितलं, भावजी. कोन काय बोललं असतं तर बरं झालं असतं."

ती त्यानंतरही गेली. रोज विळा घासायची. कधी बांधापर्यंत पोचायची, कधी ऐनाच्या झाडापर्यंत. शेवटी शेवटी अंगणापर्यंत. मी शाळेतून आणलेल्या हिवतापाच्या गोळ्याही तिने घेतल्या, कान गुंग होईपर्यंत. कुणी सांगितलं पिंपळाला फेऱ्या घाल, तर ती बसत उठत फेऱ्या घालून आली. मी आयुष्यात पुष्कळ आळशी माणसं पाहिली आणि त्यांना ताजंतवानं राहताना पाहिलं. वहिनीइतके कष्ट करून थकलेलं माणूस मी पाहिलं नाही. ती सगळी मेहनत नुसती उभं राहण्याची होती.

दिवाळीला दादा आला. डोक्याला तेल, हातात ट्रंक, बोलण्यात "टायम" आणि "खोली". सोबत हमालाच्या डोक्यावर आणखी एक तांदळाची गोण. वहिनी दारात भिंत धरून उभी होती. तिचा भरलेला चेहरा बघून त्याला बरंच वाटलं. "अरे, ही तर चांगली दिसते! उगाच घाबरवलंत मला." मग ती त्याच्यासाठी पाणी आणायला वळली आणि माजघराचा उंबरा तिला ओलांडता येईना. एक पाय आत, एक बाहेर, आणि धाप. दादाने ते पाहिलं. तांब्या त्याने स्वतःच उचलला. अंगणात जाऊन पुष्कळ वेळ तो पाठमोरा उभा राहिला. माझा भाऊ निर्दय असता तर या लेखात मला किती सोपं गेलं असतं.

ठरलं असं, की तिने माहेरी जाऊन आराम करावा. "बरी झालीस की शिमग्याला न्यायला येतो," दादा म्हणाला. घोंगडीची डोली बांधली, भावकीतले चौघे खांद्याला आले. आईने पांढऱ्या तांदळाचं मोठं गाठोडं डोलीत तिच्या पायांशी ठेवलं, आणि उचलणाऱ्यांना दम भरला की हे तिलाच मिळालं पाहिजे. आई रडत होती. वहिनी रडत नव्हती. रडायलाही दम लागतो. डोली उचलली तेव्हा तिने मान वळवून आईला एवढंच सांगितलं, "आत्याबाय, माझा विळा कोनाला देऊ नका."

शिमग्याला दादा आला, पण उमरठच्या वाटेला गेला नाही. तिकडून निरोप होता, अजून बाजेवरच आहे. सावडीला हात हवे होते. दादाने घरातच दुसरं लग्न उरकलं. नवी वहिनी धडधाकट, हसरी. तिचाही काही दोष नाही. पुढच्या आश्विनात तिने भिंतीतला तोच विळा काढला, कारण घरात बायकांचा तेवढाच विळा होता. आई म्हणाली, "तो राहू दे गो," आणि मग तिच्या हातात दुसरं काय द्यायचं ते न सुचून चुलीकडे वळली.

सुगीचे दिवस फिरून येत राहिले. मधल्या एका वर्षी शाळेत आरोग्याचं नवं पुस्तक लागलं. त्यात एक धडा होता, गिरणीत घासलेल्या पांढऱ्या तांदळात सत्त्व राहत नाही, उरलंसुरलं धुण्यात जातं, नुसता तोच खाणाऱ्या माणसाच्या पायांतलं बळ जातं, अंगावर सूज येते. मी तो धडा खड्या आवाजात वाचला. मुलांनी खड्या आवाजात म्हटला. मी फळा पुसला आणि घरी गेलो. ध्यानात काही आलं नाही. शिकवणं आणि कळणं यांची गाठ पडलीच पाहिजे असा काही नियम नाही.

ती गाठ पोलादपूरच्या बाजारात पडली. नाचणीचेच दिवस. समोरून हिरड्यांची मोठी पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई झपाझप येत होती, माझ्या पुढे गेली, थांबली आणि पाटीसकट वळली. "भावजी?"

वहिनी होती. काळी झाली होती, सडपातळ, नडग्या लाकडासारख्या टणक. मी म्हणालो, "ढवळ्या-पवळ्या कसे आहेत?" ती मोठ्याने हसली. "पळत्यात! उमरठवरून पहाटं निघाले, आता परत जाऊन सांजच्या भाकरी थापीन."

पाटी उतरवून ती बोलत बसली. बरी कशी झालीस, विचारलं. तिने मान उडवली. "कशी म्हंजे? तशीच. कोनी औषध केलं नाय, पानी केलं नाय. तुमच्यासारखी माया माहेरात नाय केली कोनी, भावजी. आत्याबायनं दिलेला तांदूळ भावजयीनं पहिल्याच दिवशी उचलला, पोरांना घातला. मला शीतभर दाखवला नाय. म्हनाली, आमच्यात आजाऱ्याचं येगळं रांधत नाय. नाचणीची शिळी भाकर, कुळथाचं कढण, पाला. तेच सगळ्यांचं नि तेच माझं. लय रडले मी. सासरचा भात आठवून रडायची." ती थांबली. "मग कवातरी पाय हलके झाले. शिमगा होऊन गेला व्हता तवर."

बाजाराचा आवाज कुठे गेला कळेना. फळ्यावरचा तो धडा अक्षर न् अक्षर समोर उभा राहिला.

"माझा विळा हाय?" तिने विचारलं.

"आहे."

"चालता हाय ना? गंजला नाय म्हंजे झालं." कुणाच्या हातात आहे ते तिने विचारलं नाही. चुंबळ नीट केली आणि डोळे माझ्यावरून काढून घेत म्हणाली, "आता दिसभर राबीन, भावजी. दमतच नाय. पर कोनाच्या घरात राबू? भावजयीच्या?" मग पाटी उचलून ती गेली. तिचं चालणं इतकं झपाट्याचं होतं, की हाक मारायची ठरवेपर्यंत ती गर्दीपलीकडे पोचली होती. आणि हाक मारून मी सांगणार काय होतो?

त्या संध्याकाळी वाडीची चढण मला पहिल्यांदा चढवली नाही. ऐनाच्या झाडाआड मी बसलो, आणि उठायला पायांना काही नाव नव्हतं. माझा थकवा मी त्या दिवसापासून धरतो. डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत. दृष्ट काढता येते, ताप उतरतो, पण आपल्या मायेनेच एक माणूस घरातून उठलं हे कळल्यावर अंगात जे गळतं, त्यावर खजूर चालत नाही. म्हणून मी सूनबाईने वाढलेला भात मुकाट्याने खातो. तिला धडा वाचून दाखवणं अवघड नाही. पण ती विचारील, तुम्हाला हे कसं माहीत, आणि मग मला वहिनीचं नाव घ्यावं लागेल.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा आई अंगणात बसली होती. तीही आता थकली होती. दिवसभर बाजेवर असायची. दादाने नुकतीच तिच्यासाठी गोण पाठवली होती, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलेला आजाऱ्याचा भात आता आपल्या वाट्याला आला म्हणून ती मनातून सुखावली होती. मांडीवर परात घेऊन ती स्वतःच्या हाताने तांदूळ धुवत होती.

"बाजारात कोन भेटलं?" तिने विचारलं.

"भागीरथी वहिनी."

तिचा हात थांबला. "जिती हाय?"

"बरी झाली. ठणठणीत. डोक्यावर हिरड्यांची पाटी होती."

आईचा चेहरा उजळला. तिने ओला हात कपाळाला लावून देवीला नमस्कार केला. मग तिने परातीत पुन्हा हात घातला. म्हणाली, "तिकडं बरी झाली. मग आपल्यात का नाय रे झाली? आपन काय कमी केलं व्हतं तिला?"

परातीतलं पाणी अजून दुधाळ होतं. आई उत्तराची वाट बघत होती.

"काही कमी केलं नव्हतं, आई," मी म्हणालो.

तिने मान डोलवली. ते पाणी तिने म्हशीच्या बादलीत ओतलं, आणि परातीत दुसरं पाणी घेतलं.